गंगासागरची बेल

ही गोष्ट रचलेली नाही. गेवराईच्या त्या रस्त्यावर ज्यांच्या गाड्या उघडल्या नाहीत, त्यांतले दोघं माझ्या ओळखीचे आहेत. बाकीचं मला अजीजनं सांगितलं, आणि अजीज पदरचं घालून बोलणारा माणूस नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. मंगळवार होता. आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

अजीजचं गॅरेज आणि मल्लिनाथचं दुकान, भिंतीला भिंत लागून. मल्लिनाथ गाड्यांच्या रिमोट चाव्या दुरुस्त करतो. दुकानाच्या वरच घर. त्याची बायको गंगासागर फेब्रुवारीत वारली. तेव्हापासून वर तो एकटाच.

त्या मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटांनी दुकानासमोरची एक गाडी उघडेना. मालकानं चावीचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मल्लिनाथनं सेल बदलून दिला.

तरी नाही.

मग शेजारची गाडी. मग तिच्या पलीकडची. किल्ली घालून दार उघडावं, तर सायरन बोंबलायला लागायचा.

चार वाजले... आणि सगळ्या गाड्या आपोआप ठीक झाल्या.

बुधवारी तेच. गुरुवारीही तेच. तीन-दहा ते चार.

मल्लिनाथला धंद्यातलं ठाऊक होतं. जवळपास दुसरं काही सतत सिग्नल सोडत असलं, की चावीचा सिग्नल गाडीपर्यंत पोचत नाही. शुक्रवारी त्यानं सिग्नल शोधायचं छोटं यंत्र हातात घेतलं. जसजसं जवळ जावं तसतसे त्यावरचे लाल दिवे वाढतात.

रस्त्यावर एक दिवा. गॅरेजात एक. दुकानात तीन.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर... चार.

मल्लिनाथ तिथंच थबकला. मागून अजीज म्हणाला, "चला की अण्णा."

वरच्या खोलीत कोणी नव्हतं. पंखा बंद. गंगासागरची खाट, तिच्यावर गुंडाळून ठेवलेली गादी.

खाटेपाशी गेल्यावर यंत्रावरचे सगळे दिवे लागले.

उशाशी कोनाड्यात एक पांढरं बटण होतं. रिमोट बेलचं. लकव्यानं गंगासागरचं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हा मल्लिनाथनंच ते आणून दिलं होतं. तिनं वर बटण दाबलं की खाली दुकानात बेल वाजायची. वर्षभर तेवढाच तिचा आवाज होता.

अजीजनं बटण उघडून पाहिलं.

आत सेलच नव्हता.

"मीच काढलाय," मल्लिनाथ म्हणाला. "ती गेली त्याच दिवशी."

यंत्रावरचे दिवे मात्र लागत होते... विझत होते... पुन्हा लागत होते. कोणी अंगठ्यानं दाबत असावं तसे.

मल्लिनाथ जमिनीवर बसला. आणि जे त्यानं पोटच्या लेकीलाही सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. त्या दिवशी गंगासागर सकाळपासून सारखी बेल वाजवत होती. कधी पाणी, कधी कूस बदलायला, कधी नुसतंच त्याला बघायला. दुकानात गर्दी होती. तीनच्या सुमाराला वैतागून त्यानं खालच्या बेलचा प्लग उपसून टाकला. चारला वर आला, तर तिचा अंगठा बटणावरच होता. श्वास थांबला होता.

"ऋतुजानं विचारलं, बाबा, आईनं बेल वाजवली न्हाई का? मी म्हनलो, न्हाई."



मल्लिनाथनं खाटेवर हात ठेवला. "गंगा... आलो मी. हितंच हाय."

सगळे दिवे एकदम विझले.

खाली रस्त्यावर टक... टक... टक... एकेका गाडीचं लॉक उघडल्याचे आवाज आले.

संध्याकाळी त्यानं दिंद्रुडला लेकीला फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं. ऋतुजा ओरडली नाही. रडलीही नाही. तिनं एवढंच विचारलं, की आई किती वेळ दाबत होती?

फेब्रुवारीत त्याला ते ठाऊक नव्हतं.

आता होतं.

"पन्नास मिनिटं," तो म्हणाला.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

शनिवारी पावणेतीनलाच मल्लिनाथ दुकान सोडून वर जाऊन बसला. यंत्र मांडीवर. तीन-दहा झाले... साडेतीन... चार. एकही दिवा लागला नाही. त्यानंतर आजतागायत नाही. गाड्या पहिल्या दाबात उघडतात.

तरी तो रोज तीनला वर जातो. अजीजनं एकदा समजावून पाहिलं, की अण्णा, वहिनींना शांती मिळाली, आता कशाला बसता?



मल्लिनाथ म्हणाला, "तसं असंल तर लई बरं. पन मला कसं कळावं, अजीज? माफ करून थांबली... का वाट बघून बघून बोलवायचंच सोडलं?"