धनीबाईची टोपली

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्या हातून घडलंय. तेही रात्री नाही... दिवसाढवळ्या, सकाळी अकरा वाजता.

मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. दिग्रसमध्ये एका डॉक्टर मॅडमचं संशोधन सुरू होतं. उदासीचा आजार, औषधांना दाद न देणारा. डोक्याजवळ कॉइल धरायची आणि चुंबकाचे ठोके मेंदूला द्यायचे. दुखत नाही. फक्त आवाज येतो.

टक... टक... टक...

मशीन मी चालवायचो.

कॉइल दोन होत्या, दिसायला सारख्या. एक खरी. दुसरी नुसता आवाज करणारी, म्हणजे खरीनं किती फरक पडतो ते ताडून बघता यावं. कुणाला कुठली, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची. खरी कुठली हे मलाही कळू द्यायचं नव्हतं. पण मी एकदा गुपचूप दोन्ही हातावर धरून पाहिल्या. 'ब'नं माझा अंगठा उडाला.

माझी बायको शीला आठ महिने बोलली नव्हती. घास भरवावा लागायचा. मॅडमनी तिला संशोधनात घेतलं. मी पाकीट फोडलं...

'अ'.

पुढचं पाकीट तांड्यावरच्या धनीबाईचं. तिला 'ब'.

मी चिठ्ठ्या बदलल्या.

दुसरं काही सुचलंच नाही हो. खोट्या कॉइलवाल्यांना दीड महिन्यानं खरी मिळणारच होती. धनीबाई तेवढं थांबेल, अशी मी मनाची समजूत घातली.

धातू चालत नाही, म्हणून पहिल्या दिवशी तिला कानांजवळ केसांत लोंबणारी चांदीची टोपली काढायला सांगितली. ती भडकली.

"नवरा जिता हाय माया. कायले काढू?"

बंजारा बाई टोपली उतरवते ती नवरा गेल्यावरच. शेवटी तिच्या नवऱ्यानं, देवसिंगनंच समजावलं. तिनं टोपली स्टीलच्या वाटीत ठेवली. खण... देवसिंग दाराकडं तोंड करून बसला. मशीन थांबल्यावर ती आधी टोपली चढवायची, मगच तो वळायचा. खोट्या कॉइलला ती काढायची गरजच नव्हती. ते फक्त मला ठाऊक होतं.

ती रोज विचारायची, "भाऊ, मशीन चालू हाय न? मले तं काहीच वाटून नाही राह्यलं."

"चालू हाय बाई."

बारा दिवस मी हेच सांगितलं.

दहाव्या दिवशी शीला स्वतःच्या हातानं जेवली. मी मोरीत जाऊन ढसाढसा रडलो.

तेराव्या दिवशी देवसिंग एकटाच आला. धनीबाई गेली होती. कशी, ते त्यानं सांगितलं नाही. मला विचारवलं नाही.

"टोपली घालून न्याची होती तिले," तो म्हणाला. "घरी सापडली नाही. अथीसा, वाटीत राह्यली काय?"

वाटी रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी अकराला, धनीबाईच्या नेहमीच्या वेळेला, मी खोलीत एकटा होतो. मशीनचा प्लग काढून ठेवलेला. तरी...

टक... टक... टक...

आवाज 'अ'मधून येत होता. खोटीतून. मी ती उचलली.

माझा अंगठा उडाला.

मॅडमना सगळं सांगावं तर शीलाचे उपचाराचे उरलेले दिवस बंद पडणार. मी तोंड शिवून बसलो.

शीला बरी झाली. हसते, बोलते, स्वयंपाक करते. पण रोज अकरा वाजता हातातलं काम टाकून खुर्चीत ताठ बसते. दोन्ही हात कानांजवळ नेते, केसांतून काहीतरी सोडवते. आमच्यात टोपली कुणी घालत नाही. धनीबाईला तिनं कधी पाहिलेलंही नाही. समोरच्या वाटीत ती ते काहीतरी ठेवते...

खण.

वाटीत काहीच नसतं.

मग माझ्याकडं बघते. मला, स्वतःच्या नवऱ्याला, म्हणते, "भाऊ, मशीन चालू हाय न?"

"चालू हाय बाई," मी म्हणतो. मला रडू येतं, पण म्हणतो.

वीस मिनिटांनी ती वाटीतलं उचलून परत केसांत अडकवायची. मग पुन्हा माझी शीला व्हायची.

गेल्या सोमवारपासून ती ते परत अडकवत नाही.