तिसऱ्या टाकीचं विरजण

थंडी पडली की माणूस पांघरूण ओढतो. सांडपाण्यातल्या जंतूंना कोण पांघरूण घालणार? पाणी गारठलं की तेही आळसावतात, घाण खायची सोडून ढिम्म बसतात. त्या वर्षी तर थंडीने कहरच केला. शुद्धीकरण केंद्रातल्या केमिस्टबाईंच्या तोंडचं पाणी पळालं, कारण टाक्यांतला अमोनिया काही उतरेना, आणि हे पाणी जायचं त्याच नदीवर खाली अख्ख्या गावाचे नळ.

"गाव शिव्या घालणार आपल्याला!" ऑपरेटर ओरडला. त्याला सगळे भोंगा म्हणत. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. "पण बाई, ती तिसरी टाकी बघा की! वाफा निघतायत!"

बाईंनी थर्मामीटर सोडला. शेजारच्या दोन टाक्या गारढोण आणि ही अंगाएवढी कोमट. हीटर नाही, काही नाही. तिन्हींत येणारा पाइपही एकच. पाणी मात्र ऐन उन्हाळ्यातल्यासारखं निवळलेलं. बाईंना भीती वगैरे नाही वाटली. भारी मजा वाटली.

तिसरी म्हणजे बाबांची टाकी. बाईंचे वडील इथेच ऑपरेटर होते. टाकी नवी असताना जुन्या टाकीतला गाळ बादल्यांनी आणून त्यांनीच तिच्यात ओतला होता. त्या गाळाला ते विरजण म्हणायचे, आणि जंतूंना पोरं. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच, आणि बाईंचा सगळा जीव बाबांत.

"पोरं काय म्हणतात?" संध्याकाळी शेगडीपाशी खुर्चीत बसलेल्या बाबांनी रोजचा प्रश्न विचारला.

"दोन टाक्या झोपल्यात. तुमची उड्या मारतेय."

बाबा खुदकन हसले. "मग लाव की तिचंच विरजण दोन्हीकडे."

चहा देताना त्यांची बोटं बाईंना लागली. गार होती.

"हातमोजे घाला हो, बाबा."

"म्हातारी हाडं ही, गारच असायची."

सकाळी बाईंनी पंप लावून तिसरीतला गाळ दोन्ही टाक्यांत सोडला. दुपारी भोंगा धावत आला. तिन्ही टाक्या वाफाळल्या होत्या. अमोनिया झरझर उतरला, गावावरचं संकट टळलं. भोंग्याने टाकीच्या बाहेरून हात लावून पाहिला, आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलला.

"बाई, कुणाच्या तरी पाठीला हात लावल्यासारखं वाटतंय हो."

बाईंना कालची बोटं आठवली. कसलं हे खूळ, असं त्यांनी स्वतःलाच दटावलं. पण स्कूटर घराकडेच वळली.

बाबा त्याच खुर्चीत होते, दोन्ही तळव्यांत कप धरून. शेगडी विझलेली.

"शेगडी का विझवलीत?" बाईंच्या तोंडून वाफ निघाली.

"नकोशी होते ऊब. पोरं कशी आहेत?"

त्यांच्या तोंडून वाफ निघाली नाही.

बाईंनी त्यांच्या गळ्याला हात लावला आणि त्या चरकल्या. "बाबा, मी टाक्या रिकाम्या करते. आत्ताच्या आत्ता."

"खबरदार पोरांना हात लावशील तर! गाव पाणी पितं ते. आणि मला काय धाड भरलीय?"

खरंच, डोळे कसे लुकलुकत होते त्यांचे.

"निदान तो चहा तरी घ्या," बाई कशाबशा म्हणाल्या.

"घेतो की. आत्ताच थर्मासमधून ओतलाय, पण साय धरली बघ लगेच. काढ जरा."

बाईंनी साय काढायला नख लावलं.

टक् असा आवाज झाला.