यार्देनेत सांगितलेलं नाव

सुशील त्या दिवशी पेणला गेला तो बायकोला आणायला. एवढंच काम. रोह्याहून दुपारची एसटी धरली, पेणच्या स्टँडवर उतरला, उसाचा रस प्यायला आणि मुंबईच्या विमानतळावरून येणाऱ्या गाडीची वाट बघत बसला. त्याची वैशाली चर्चच्या मंडळीतल्या आठ जणांबरोबर इस्राएलात यार्देन नदीवर गेली होती. येशूचा बाप्तिस्मा ज्या पाण्यात झाला त्यात एकदा उतरायचं, असं तिने चार वर्षं मनात धरलं होतं. सुशीलला कंपनीत रजा मिळेना, म्हणून ती त्याच्याशिवाय गेली.

चार वर्षं का, तेही सांगतो. त्यांची एकुलती एक समीक्षा दहा वर्षांची असताना कुंडलिकेत बुडाली. घराच्या मागच्या पायऱ्या सरळ नदीत उतरतात. भरती कधी चढली, पोर कधी घसरली, कुणाला काही कळलं नाही. आणि त्यांच्या मंडळीत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत बरं का. पोर कळती झाली, आपण होऊन हो म्हणाली, की मग. समूचा ईस्टरला ठरला होता. त्याच्या तीनच आठवडे आधी ती गेली. पाळकांनी वैशालीला परोपरीने समजावलं, बाई, लेकरू देवाच्या हातात आहे. तिने मान डोलावली, पण तिच्या जिवाला ते पटलं नाही ते नाहीच.

गाडी आली. वैशाली सगळ्यांच्या शेवटी उतरली, दोन्ही पाय जुळवून, टुणकन उडी मारून. सुशीलला हसू आलं. चाळिशीची बाई, म्हटलं, नदीवर जाऊन अंगातलं ओझं उतरलं असेल.

सामान काढताना दिपिकाबाईंनी त्याला बाजूला घेतलं. त्याही मंडळीतल्याच.

"सुशीलभाऊ, एक बोलू का? तिथं पाण्यात उभं केल्यावर नाव विचारतात. हिनं स्वतःचं नाय सांगितलं. समीक्षा म्हणाली. ते पाळक तिथले, परके, त्यांना काय ठाऊक? त्यांनी त्याच नावानं हिला बुडवलं."

"मग?"

"मग काय... जरा जास्तच वेळ खाली राहिली ती. वर आली ती रडतच. मी जवळ गेले तर मला म्हणते, मावशी, थंडी वाजते. मी तिच्याहून लहान हाय हो, भाऊ."

रोह्याच्या गाडीत वैशाली खिडकीशी बसली आणि नागोठणं यायच्या आत झोपलीसुद्धा. डोकं त्याच्या मांडीवर, मुठीत त्याच्या शर्टाचं खालचं बटण. समू अशीच झोपायची. सुशीलने रोहा येईपर्यंत मांडी हलवली नाही. तिच्या केसांना ओहोटीच्या चिखलाचा वास येत होता, आपल्या कुंडलिकेच्या चिखलाचा.

घरी आल्यावर तिने गॅसला हात लावला नाही. भाकरी थापायला बसवली तर पीठ कोपरापर्यंत माखून घेतलं. शेजारची फरझाना तळलेले मासे घेऊन आली. वैशाली तिला आजवर भाभी म्हणत आलेली. त्या दिवशी दार उघडून म्हणाली, "खाला, काटे काढून दे ना." फरझानाच्या हातातली ताटली कलंडली. तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणणारं त्या घरात एकच माणूस होतं.

आता खरं ते सांगायला हवं. सुशील घाबरला, पण त्याहून जास्त तो सुखावला. माणसाचं मन मोठं लबाड असतं हो. कामावरून आला की तो तिच्या दोन वेण्या घालायचा, भात कालवून भरवायचा, ती सांगेल ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. चार दिवस त्याने तिला बायकोच्या नावाने हाक मारली नाही. मग वैशाली कुठे आहे, हे त्याने स्वतःला विचारलंसुद्धा नाही. विचारायची छातीच झाली नाही त्याची.

पाचव्या दिवशी फरझानाने त्याला कुंपणापाशी अडवलं.

"सुशीलभाई, पोर आली ते मला दिसतंय. मी न्हाऊ घातलंय तिला, मी वळखणार नाय? पण माझी वैशाली कुठाय? तिला कोण विचारणार? हाक तरी मारा तिला."

सुशील खाली मान घालून आत गेला.

दिवेलागणीची वेळ. ती मागल्या दारात बसून अबोलीची फुलं ओवत होती, जीभ दातांत धरून. भरती चढत होती. खालच्या पायरीशी पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. सुशील तिच्या मागे उभा राहिला.

"वैशाली..."

तिने मान वर केली नाही.

"वैशाली," तो जरा मोठ्याने म्हणाला.

"आले हो..."

आवाज खालून आला. पायऱ्यांच्याही खालून. हात कामात असले की वैशाली आतून अशीच ओ द्यायची, अगदी तशीच.

दारातली वळली. तोंड वैशालीचंच. डोळे मात्र भेदरून त्याच्यावर लागलेले.

"पप्पा, नको ना."

"समू?"

"आईला हाक मारू नको, पप्पा. ती वर आली का मला जावं लागंल. तिथं लय अंधार हाय..."

सुशील तिच्याजवळ खाली बसला. त्याने तिला पोटाशी धरलं. मोठ्या बाईचं ते अंग लहान पोरीसारखं थरथरत होतं, आणि त्याच्या तोंडून ना हे नाव निघेना, ना ते. त्याला देवाचा धावा करायचा होता, पण कुणाला वाचव म्हणून मागायचं हेच त्याला कळेना.

ओली पावलं दोन पायऱ्या वर चढली आणि थांबली.

"अहो," वैशालीने खालून विचारलं, "हाक मारलीत ना तुम्ही?"