वीरेश पोचला

नांदेडच्या बायपासवर औषधांचं एक गोदाम आहे. डोळे अधू झाल्यावर जिलानीचाचांची ड्रायव्हरकी सुटली, तेव्हा मालकानं त्यांना तिथं टेबलाशी बसवलं. काम एकच, ड्रायव्हरांचे फोन घ्यायचे. मागं माळाकोळीच्या वळणावर वीरेशला डुलकी लागून टेम्पो खड्ड्यात गेला होता. टेम्पोचा चुराडा झाला, वीरेशच्या अंगावर ओरखडाही नव्हता. तेव्हापासून नियमच झाला: निघताना, थांबताना, पोचल्यावर चाचांना कळवायचं. आवाजात झोप जाणवली की चाचा गाडी बाजूला घ्यायला लावत. मग मालकाचंही चालत नसे.

त्या अपघातानंतर थोड्याच दिवसांत चाचांच्या पत्नी जन्नतबी गेल्या. मुलगी हैदराबादला. घरी बोलायला कुणी उरलं नाही. दिवसभराचे हे आवाज, तेवढाच चाचांचा संसार.

एका दुपारी वीरेश माल उतरवून गोदामासमोरच्या बाजेवर झोपला होता. त्याचा मोबाइल चाचांच्या टेबलावर चार्जिंगला होता. तेवढ्यात चाचांचा फोन वाजला. नाव वीरेशचं.

"चाचा, लातूरहून निघालो. झोप येऊन राहिली."

आवाजामागं वारा होता, ताडपत्री फडफडत होती. टेबलावरच्या मोबाइलची काच काळीच होती. जिभेला सवय होती तेच चाचा बोलले. "गाडी बाजूला घे बेटा. तोंड धू, जरा पड."

"हाव."

आपला फोन बिघडला असेल म्हणून त्यांनी तो दुकानात दाखवला. काही बिघाड नव्हता. काहीतरी निमित्त काढून वीरेशचं सिमही बदलून घेतलं. तरी त्याच नावानं फोन येतच राहिले. कधी अहमदपूर, कधी माळाकोळी, मग लोहा. गाडी हळूहळू जवळ येत होती.

हे वीरेशला सांगावं असं चाचांना कैकदा वाटलं. पण पूर्वी उदगीरच्या गोष्टी सांगून डोकं उठवणारा हा पोरगा अपघातापासून नुसती मान हलवायचा. जेवायचा, झोपायचा, गाडी काढायचा. उलट फोनवरचा आवाज चाचांच्या गुडघ्याची चौकशी करायचा. म्हणायचा, "चाचीच्या हातची खिचडी लई दिवसांत खाल्ली न्हाई. सलाम सांगा त्यांना."

"सांगतो," चाचा म्हणायचे.

आपण या फोनची वाट पाहतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. तो थकलेला असला की ते त्याला थांबवत, जपून ये म्हणत.

मग एका संध्याकाळी फोन आला.

"चाचा, पोचलो."

चाचा दाराशी गेले. सगळ्या गाड्या आधीच लागल्या होत्या. फाटक बंद होतं. बाजेवर वीरेश झोपलेला.

फोनमध्ये मात्र फाटक करकरलं. खडीवर पावलं वाजली. थांबली.

"चाचा," आवाज अगदी हळू झाला, "माझ्या बाजेवर कोण झोपलंय?"

चाचांनी बाजेकडं पाहिलं.

वीरेशचे डोळे उघडे होते. चाचांकडं एकटक बघत त्यानं सावकाश मान हलवली. सांगू नका.