पाहायला आलेली

पौर्णिमानं बोनेटवर हात ठेवला आणि तिचं डोकंच तापलं.

"ही गाडी सुरू केली होती तुम्ही!" समोरच्या तरुणाकडे रोखून बघत ती म्हणाली. "काल फोनवर बजावून सांगितलं होतं, मी येईपर्यंत सुरू करू नका म्हणून."

तरुणाचं नाव रत्नदीप. वर्ध्याच्या वेशीवर त्याची रोपवाटिका होती आणि रोपं वाहायला छोटा टेम्पो हवा म्हणून तो ही पांढरी गाडी विकत होता. अंगात कडक इस्त्रीचा आकाशी शर्ट, पायांत मात्र मातीनं माखलेल्या चपला.

"फोन आईनं उचलला होता," तो चाचरत म्हणाला. "अन् सकाळी... जरा बाजारात जा लागलं. आईनंच पाठवलं."

"काऊन? असं काय अडलं होतं?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पौर्णिमा अशा लाल कानांना भुलणारी नव्हती. जुनी गाडी घ्यायची तर ती थंड असतानाच सुरू करून पाहायची, हे तिनं पक्कं शिकून घेतलं होतं. तापलेलं इंजिन शहाण्या मुलासारखं वागतं, धूर आणि खडखड सगळं पोटात ठेवतं. याआधी दोन ठिकाणी तिला असंच बनवायला पाहिलं होतं. तिथले विक्रेते तर तिच्याशी बोललेसुद्धा नाहीत. सोबत आलेल्या चुलतभावाला, प्रफुलला, गाडी दाखवत राहिले. म्हणून आज ती एकटी आली होती.

आणि आज शनिवार होता. उद्या हिंगणघाटचे पाहुणे तिला पाहायला वडनेरला घरी येणार होते; तिला न विचारता बाबांनीच बोलावलं होतं. समुद्रपूरच्या तहसील कार्यालयात ती लिपिक. दोन वर्षं एसटीत उभी राहून जाणं-येणं केलं, लायसन काढलं. आता स्वतःची गाडी घेते म्हटल्यावर बाबा त्या हिंगणघाटच्या मुलाबद्दल म्हणाले, "त्या पोराकडे गाडी आहेच. तुले कायले पाहिजे?" त्याच क्षणी तिनं ठरवलं होतं, पाहुण्यांच्या आधी माझी गाडी अंगणात उभी राहील.

"गाडी थंड व्हाले किती वेळ लागन?" तिनं विचारलं.

"दोन तास तरी..."

"थांबतो मी," पौर्णिमा म्हणाली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "आली का पोरगी? अरे, उन्हात काऊन उभी केली तिले?"

सीताबाई, म्हणजे रत्नदीपची आई, नवं लुगडं नेसून उभ्या होत्या. त्यांनी पौर्णिमाचा हात धरून तिला आत नेलं. भिंतीवरच्या बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींना ताजे हार होते. खुर्चीवर नवी चादर होती. गाडी विकणाऱ्या घरात एवढा थाट? पौर्णिमाला गंमत वाटली. मग रत्नदीप स्वतः ट्रे घेऊन आला. पोहे, लाडू, चहा. कप बशीत खुळखुळत होते. ट्रे ठेवून तो भिंतीशी उभा राहिला.

"घरचे नाई आले?" सीताबाईंनी विचारलं.

"नाई काकू. माहं मलेच पाहाचं होतं."

"बराबर आहे. जलमभराचा प्रश्न असते."

पहिल्या गाडीबद्दल इतकी समज असलेली बाई पौर्णिमाला आजवर भेटली नव्हती. ती मोकळी झाली.

"जलमभर नाई हो, पण दहा वर्षं तरी टिकावं."

सीताबाईंचा चहा हातातच राहिला. "दहाच?"

"नीट सांभाळलं तर पंधरा."

भिंतीशी रत्नदीपला ठसका लागला.

"आन् खरं सांगजा काकू," पौर्णिमानं आवाज खाली आणला, "आधी कुठं ठोकर-बिकर बसली होती का?"

सीताबाईंनी मुलाकडे पाहिलं, पदर सावरला. "बसली होती एकदा. कॉलेजात होता तवा. पण तिचं लगन होऊन गेलं बाई, दोन लेकरं आहेत तिले. आता काईच नाई."

"...कोणाचं लगन?"

"आई," रत्नदीप कसाबसा म्हणाला, "त्या गाडी पाहाले आल्या."

सीताबाईंनी तोंडावर पदर घेतला. "अवं माय! म्या इचारलं, कोण कोण येऊन राह्यलं, तं म्हणे मी एकटीच पाहाले येतो, मी येईपर्यंत सुरू करू नका. मले वाटलं कार्यक्रम! वधू-वर मंडळात नाव टाकलं ना म्या याचं..." आणि त्या तडक स्वयंपाकघरात पळाल्या.

पौर्णिमा उठून उभी राहिली. हसू यायला हवं होतं, पण संताप आला. सात वेळा ती अशी पोह्यांच्या बशीपुढे बसली होती. सातव्या घरानं तिला भिंतीला टेकून उंची दाखवायला लावली, तेव्हा तिनं शपथ घेतली होती, पुन्हा या खेळात बसायचं नाही. आणि आज नकळत बसलीच!

"तुम्हाले माहीत होतं?"

"तुम्ही बोनेटवर हात ठेवला... तवा समजलं."

"मग तवाच सांगितलं काऊन नाई?"

"तुम्ही गेल्या असत्या."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं, की ती पुन्हा खुर्चीवर बसली.

"आन् एक सांगू?" तो म्हणाला. "ट्रे आणताना हात थरथरत होते माझे. कोणीतरी आपल्याले पाहून राह्यलं, मनातल्या मनात पास-नापास करून राह्यलं... लय वाईट वाटते. तुम्ही पोरी हे इतक्यांदा कशा सहन करता?"

सात घरांतल्या एकाही मुलानं हे विचारलं नव्हतं. पौर्णिमाला आता त्याचा राग येईना. ते तिला मुळीच आवडलं नाही.

ती उठून रोपांच्या वाफ्यांमधून एकटीच फिरत राहिली, आणि दोन तास भरल्यावरच परत आली. "इंजिन थंडं झालं असन," ती म्हणाली. "चला."

बाहेर थंडीतलं दुपारचं ऊन पसरलं होतं. तिनं गाडीतला गालिचा उचलून गंज पाहिला, टायरच्या खाचांत नख घातलं, तेलाची काडी पुसून पुन्हा बुडवली. नाकाला काळा डाग लागला. रत्नदीपनं रुमाल पुढे केला, ती घेईना; तो तसाच हातात धरून उभा राहिला.

"दुसरा गिअर थंड्या गाडीत अडते," तो स्वतःहून म्हणाला. "आन् मागच्या दाराले बैलबंडी घासली होती, रंग नवा आहे."

"असं कोणी सांगते का विकताना?"

"तुम्हाले सापडणारच होतं. मग मीच सांगितलेलं बरं."

गाडी एका झटक्यात सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही. दुसरा गिअर अडला, अगदी त्यानं सांगितलं तसा. कच्च्या रस्त्यावरून तिनं लांब चक्कर मारली. शेजारी बसलेला तो तिला एकदाही "हळू" म्हणाला नाही. कापसाची ट्रॉली समोर आली तेव्हाही नाही. तिनं गाडी बेतानं बाजूला काढली आणि चोरून त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

परत येऊन ती कागद तपासत होती तेव्हा फोन वाजला. बाबा होते, नत्थूजी. त्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

"उद्याच्याले पाहुणे येऊन राह्यले आन् तू कुठं हिंडून राह्यली? गाडी-बिडी राहू दे! त्या पोराची गाडी आहे ना!"

"बाबा," पौर्णिमा म्हणाली, आणि सीताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या इतका तिचा आवाज चढला, "मले गाडी पाहिजे. गाडीवाला नाई पाहिजे!"

तिनं फोन ठेवला. रत्नदीप किल्ली बोटांत फिरवत गाडीकडे बघत राहिला.

"एक बोलू?" शेवटी तो म्हणाला. "ही गाडी तुम्ही घेतली... तर मीबी गाडीवाला राहत नाई."

कळायला तिला क्षणभर लागला. मग ती हसली, आणि तिनं अजून त्याच्या दुसऱ्या हातात असलेला रुमाल घेऊन नाक पुसलं.

"आधी सही करा," ती म्हणाली. "व्यवहार वेगळा आन् हे वेगळं."

पैसे दिले-घेतले, सह्या झाल्या. किल्ली हातात आल्यावर तिनं शेजारचं दार आतून ढकलून उघडलं. "वडनेरपर्यंत येता?"

"परत कसा येऊ?"

"एसटीनं. मी दोन वर्षं तेच केलं."

वडनेरला पोचेस्तोवर उन्हं कलली होती. गाडीचा आवाज ऐकून नत्थूजी बाहेर आले. लेक चालवतेय, शेजारी एक परका तरुण. ते कुंपणाच्या फाटकात आडवे उभे राहिले. पौर्णिमानं काच खाली केली.

"बाबा, गाडी माही आहे. आन् पाहुण्यांले फोन करून सांगा, येऊ नका म्हणून. मी पोरगा पाहून आली."

"आमाले न विचारता?"

"सात वेळा मले कोणी विचारलं होतं, बाबा?"

रत्नदीप खाली उतरून "जयभीम बाबाजी" म्हणाला, पण नत्थूजी त्याच्याकडे बघतच नव्हते. ते लेकीकडे बघत होते. तिचे दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट होते, इंजिन चालू होतं, आणि ते बंद करायचा तिचा बिलकूल विचार नव्हता.

मग ते बाजूला सरले आणि त्यांनी फाटक उघडलं.