मोरीत सांडलेली पुडी

क्रांतीनं पुडी फाडली, दाराकडं एकवार पाहिलं आणि ती पांढरी भुकटी मोरीत सोडून दिली! मग नुसत्या ताकाचा पेला तिनं थोरल्या भावाच्या, विजयसिंहाच्या, हातात ठेवला.

"औषध घातलंस न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय. घे की!"

तो निमूटपणे प्याला... आणि तिच्या अंतःकरणात बारा वर्षं धुमसणाऱ्या अग्नीवर जणू तुपाची धार पडली!

जुन्या काविळीनं विजयसिंहाचं यकृत पोखरलं होतं. बायको वारलेली, पोरगा दुबईला. दोन महिन्यांपूर्वी क्रांतीनं त्याला शिवाजी पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत आणलं, तेव्हा शेजारच्या तानाबाईंनी पदरानं डोळे टिपले होते. "बहीण असावी तर अशी!" क्रांती नुसती हसली होती. त्या हसण्यातलं हलाहल तानाबाईंना कुठून दिसणार?

त्र्याण्णव साली पेठ वडगावच्या शाळेत ती आणि धम्मपाल दोघं शिक्षक होते. नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरलं होतं. पण "बौद्धवाड्यातल्या पोराच्या घरात माझी भन?" असं गरजत विजयसिंह चार माणसं घेऊन शाळेत गेला आणि मुलांदेखत त्यानं धम्मपालला रक्तबंबाळ केलं. धम्मपालची बदली चंदगडला झाली. क्रांतीला महिनाभर कोंडून ठेवलं, तिनं लिहिलेलं एकही पत्र विजयसिंहानं त्याच्यापर्यंत पोहोचू दिलं नाही आणि दोन वर्षांनी धम्मपालच्या लग्नाची बातमी तेवढी आली. त्यानंतर आलेलं प्रत्येक स्थळ तिनं परतवून लावलं होतं.

आता तोच भाऊ तिच्या हातच्या पेल्यावर जगत होता! डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं, "बाई, आतड्यात कोट्यवधी जंतू असतात. काही घातकी, काही आपले राखणदार. घातकी माजले की त्यांचं विष रक्तात शिरतं. धडधाकट यकृत ते गाळतं, यांचं थकलंय. मग ते विष मेंदूत चढतं, माणूस भ्रमिष्ट होतो. या पुड्यांत ते राखणदार जंतू आहेत. शास्त्र नवं आहे, मी हमी देत नाही, पण यांना गुण दिसतोय. दिवसातून दोनदा, चुकवू नका."

राखणदार! माझ्या सुखाला कोण होता रे दादा, राखणदार?... दुसऱ्या दिवसापासून पुड्या मोरीत जाऊ लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती शाळेला निघाली, तर विजयसिंह सदरा उलटा घालून कॉटवर बसलेला, हात पाखरासारखे फडफडत होते. तिच्याकडं बघून तो अदबीनं म्हणाला, "पावणं, ह्यो रस्ता पेठंत जातो का? माझी भन ऱ्हाती तितं. लई गुणाची हाय."

याच क्षणाची तर ती वाट पाहत होती! मग काळजात हे काय तुटलं?... चपलासुद्धा न घालता ती रिक्षा आणायला धावली.

दवाखान्यात चौथ्या दिवशी तो शुद्धीवर आला. डॉक्टर संतापले होते. "औषधं चुकवली का? खरं सांगा!"

क्रांतीनं तोंड उघडलं. पण तिच्याआधी विजयसिंहच क्षीण आवाजात बोलला, "पुड्या मीच वतत हुतो, डाक्टर. भनीला काय म्हाईत न्हाय."

डॉक्टर बाहेर गेले. क्रांती कॉटजवळ सरकली.

"कवा कळलं तुला?"

"दुसऱ्याच दिवशी. मोरीच्या कडंला पांढरं दिसलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"कुठल्या तोंडानं बोलू?" त्याच्या पिवळ्या डोळ्यांतून अश्रू ओघळले. "तू पुड्या सांडल्यास, क्रांते... मी तुझा जलम सांडला!"

ती ताडकन वळली आणि व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून ओरडली, "खोटं बोलतोय त्यो! मी टाकल्या पुड्या... मी!"

डॉक्टरांनी पुड्यांचा नवा डबा तिच्यापुढं धरला. "आता देणार?"

"देईन," ती म्हणाली आणि तिनं डबा पदरात घेतला.

तिनं शब्द पाळला. तीन महिने, दोन्ही वेळा, विजयसिंहासमोर पुडी फोडून. डॉक्टरांनी प्रवासाला होकार देताच तो म्हणाला, "चंदगडला न्हे मला."

एसटीतून उतरून दोघं धम्मपालच्या दारात उभी राहिली, तेव्हा तो काठी टेकत, एक पाय ओढत बाहेर आला. कानशिलं पांढरी झाली होती. विजयसिंह पुढं झाला, त्याच्या पायांशी वाकला.

धम्मपाल मागं सरला. "पाय धरू नका. ह्योच मोडला हुता तुम्ही."

विजयसिंह तिथंच अंगणात कोसळला. "हिनं पत्रं लिव्हली हुती तुमाला," तो हुंदक्यांतून म्हणाला, "मी फाडली... सगळी! दोष हिचा न्हाय, मास्तर!"

धम्मपालनं क्रांतीकडं पाहिलं. बारा वर्षं त्यानं उराशी धरलेला प्रश्न त्याच्या डोळ्यांतून हळूहळू विरघळत गेला. "मला वाटलं, तू भ्यालीस," तो पुटपुटला.

"न्हाय," क्रांती म्हणाली. "कधीच न्हाय."

मग काठी भिंतीला टेकवून त्यानं विजयसिंहाला दंडाला धरून उठवलं आणि घरात हाक दिली, "शेवंता, पाणी आण. पावणं लांबनं आल्यात."

तांब्या आला. विजयसिंहानं तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि त्या घरचं पाणी तो घटाघटा प्याला... आणि इतकी वर्षं कोरडी राहिलेली क्रांती, परक्याच्या उंबऱ्यावर बसून, भावाच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली!