कोपऱ्यातली काजळी

"घर धुऊन-पुसून आमी कुलूप लावून जायलाव, आन् सकाळी बगावं तर भिंत काळी," श्रीदेवी म्हणाली. "मंगळवारपासून रोज. तीन दिस झाले, अण्णा."

बसवकल्याणच्या बसस्टँडसमोर, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत अमृतप्पा खाजगी तपासाची कामं घ्यायचे. बावीस वर्षं विमा कंपनीसाठी जळालेली दुकानं आणि उलटलेले ट्रक तपासल्यावर त्यांना दुसरं काही करवत नव्हतं. सोबतीला माणिकप्पा, निवृत्त कंडक्टर. फुकटे प्रवासी ते नुसत्या चेहऱ्यावरून ओळखतात अशी त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांनी स्वतःच पसरवली होती.

साल २००३. श्रीदेवीचा नवरा पुण्यात कारखान्याला लागला होता. सामान टेम्पोनं पुढं गेलं होतं. ती मुलासह बहिणीकडं झोपायची आणि दिवसा येऊन भाड्याचं घर साफ करायची. घर दिलं तसंच परत मिळालं नाही तर डिपॉझिट विसरा, असं घरमालक श्रीपतरावांनी बजावलं होतं. तेच डिपॉझिट परवा भोसरीतल्या खोलीसाठी भरायचं होतं. नाहीतर ती खोली दुसऱ्याला जाणार, आणि मायलेकरं आणखी वर्षभर इकडंच राहणार. मुलानं बापाला दिवाळीपासून पाहिलं नव्हतं.

"मालकच करायलाय," माणिकप्पा म्हणाले. "डिपॉझिट बुडवायला."

"आधी भिंत तर बघू," अमृतप्पा उठले.

वरच्या मजल्यावरचं घर आरशासारखं लख्ख होतं. फक्त आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून चार बोटांवर काजळीचा पट्टा सुरू होत होता, तो वीतभर वर गेला होता. त्यावर पुसल्याचे फराटे होते. फरशीवर तेलाचा एक थेंब होता. अमृतप्पांनी तो बोटाला लावून हुंगला. रिकाम्या घरात मुंग्यांची एक रांग भिंतीकडून त्याच कोपऱ्याकडं चालली होती.

"इथं काय होतं?"

"वर फळीवर माजे देव. आमी ऱ्हायला आलाव तवा मालकीणबाईंनीच सांगितलं, देव याच कोपऱ्यात मांड म्हणून. रोज दिवेलागणीला जिन्यातून इचारायच्या, दिवा लावलीस का गं? सहा वर्षांत एक दिस चुकल्या न्हाईत."

"देव कधी हलवले?"

"सोमवारी सकाळी पेटीत बांधले."

"दिव्याला तेल कोणतं घालायच्या?"

"रेशनचं पामतेल. कामून?"

अमृतप्पांनी ते बोट पुन्हा हुंगलं. रंगारी काशप्पा चुन्याची बादली घेऊन आत आला. माणिकप्पांनी त्याला लगेच धरला. "रोज भिंत काळी, रोज तुला काम. चांगलं हाय की!"

"पुन्ना चुना मारल्याचा एक रुपाया घेतलो न्हाई मी," काशप्पा चिडला. "बाईचं तोंड बगवंना. आन् किल्ली माज्याकडं न्हाईच."

"काम करताना काही वेगळं दिसलं का?" अमृतप्पांनी विचारलं.

"या दाराच्या चौकटीचा जुना रंग खरवडलो तवा रेघा दिसल्या. खिळ्यानं वडलेल्या, एकावर एक. सगळ्यात वरची माज्या कमरेएवढी."

"आमच्या सिद्धरामच्या नव्हंत," श्रीदेवी म्हणाली. "आलाव तवा तो आठ वर्षांचा होता, छातीला लागायचा."

खाली श्रीपतराव सतरंजीवर मांडी घालून बसले होते. "किल्ल्या दोन. एक तिच्याकडं, एक आमच्या खुंटीला. मी कशाला माजंच घर काळं करू?"

"आधी वर कोण राहायचं?"

"आमीच. गुडग्यानं खाली आलाव."

तेवढ्यात दारात गाय तोंड घालायला लागली. श्रीपतराव हात न टेकता ताडकन उठले, तिला हाकलून आले आणि पुन्हा मांडी घालून बसले. त्यांच्या बायकोनं, राजूबाईंनी, चहा आणला. गॅसवरचं गरम पातेलं त्यांनी पदरानं धरलं होतं. पदराचं टोक काळं होतं. आतून करडईच्या तेलाचा वास येत होता.

"लेकरंबाळं?" अमृतप्पांनी सहज विचारलं.

"न्हाईत," श्रीपतराव म्हणाले.

राजूबाई पातेलं घेऊन आत निघून गेल्या. अमृतप्पांनी चहा संपवला आणि सगळ्यांना वर बोलावलं.

रिकाम्या खोलीत त्यांचा आवाज घुमत होता. "भिंत खराब करायची असती तर कुणी दर्शनी भिंत काळी केली असती. कोपऱ्यात जमिनीला चिकटून कशाला? आणि वाईट करणारा नंतर पुसत बसत नाही. कुणीतरी इथं दिवा लावला. काजळी दिसली तसं घाबरून पुसलं. तेल करडईचं, म्हणजे दिवा श्रीदेवीचा नव्हता. कुलूप शाबूत आहे, म्हणजे किल्ली खुंटीवरची होती."

"म्हणजे मालकच!" माणिकप्पा म्हणाले.

"त्यांच्या धोतराला डाग नाही. मुंग्या कशाला आल्या, माणिकप्पा? झाडलेल्या घरात खायला काय असतं?"

माणिकप्पांनी वाकून पाहिलं. फरशीच्या फटीत पांढरं काहीतरी होतं. "पीठ हाय. जवारीचं."

"पिठाच्या ढिगावर दिवा. आपल्याकडं तो कुठं लावतात?"

माणिकप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. "माणूस जिथं जीव सोडतंय तिथं."

"चौकटीवरच्या रेघा कमरेपर्यंत येऊन थांबल्या. त्याच्या वर एकही नाही. श्रीपतरावांचे गुडघे माझ्याहून बरे आहेत, म्हणजे हे घर त्यांनी गुडघ्यांपायी सोडलं नाही. आणि देव याच कोपऱ्यात मांड, हे सांगणारी, रोज दिव्याची चौकशी करणारी एकच बाई. सोमवारी श्रीदेवीनं देव उचलले. त्याच संध्याकाळी हा कोपरा अंधारात पडला."

राजूबाई दाराची चौकट धरून खाली बसल्या. त्यांचा हात आपोआप त्या रेघांवर गेला.

"रेणुका," त्या म्हणाल्या. "पाच वर्साची होती. तापानं गेली, हितंच. अंधाराला लई भ्यायची. दहा दिस दिवा लावलाव, मग ह्येंनी पुरं म्हणलं. खाली आणलं मला. श्रीदेवीचा दिवा दिसायचा जिन्यातून, तर माज्या लेकराला कुणीतरी हाय वाटायचं. तुज्या पैशावर गदा येईल हे मला कळलंच न्हाई गं, पोरी."

सहा वर्षं रोज हात जोडून श्रीदेवीनं स्वतःच्या घरासाठी दिवा लावला होता आणि तो कुणा दुसऱ्याच्या लेकराला सोबत करत होता. ती राजूबाईंशेजारी बसली आणि दोघी रडल्या.

श्रीपतराव भिंतीकडं तोंड करून उभे होते. "मला वाटलं, इसरली असंल," ते म्हणाले. "मीबी इसरल्यागत केलो."

जिना उतरताना माणिकप्पांनी टोपी हातातच धरली होती. अमृतप्पांनाही उलगड्याचा आनंद झाला नाही. काही दुःखं न उकलता राहिलेलीच बरी, असं त्यांना वाटलं, आणि तसं ते बोलूनही गेले.

दुसऱ्या दिवशी श्रीदेवीनं शेवटचं झाडून घेतलं. स्वयंपाकघर धुतलं, खिडक्यांचे गज पुसले, उंबरा घासला. फक्त त्या कोपऱ्याला तिनं हात लावला नाही. पेटी उघडून तिनं आपलं पितळेचं निरांजन काढलं आणि तिथं ठेवलं.

श्रीपतराव घर तपासायला आले. एकेक खोली, एकेक भिंत ते नेहमीसारखं निरखत गेले. आतल्या खोलीत काजळीपुढं बराच वेळ थांबले. मग खिशातून डिपॉझिटचं पाकीट काढून त्यांनी श्रीदेवीच्या हातात दिलं.

"घर बरूबर हाय," ते म्हणाले. "कायबी खराब न्हाई."